गाडी कुठं गेली, भाऊ?

नागपुरात पायी किंवा सायकलीनं कामाला जायचं मनात आलंच असेल, तर आधी कपडे बदला. साधी पँट, पायात चप्पल, हातात डबा, अशा अवतारात शंकरनगरहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेत, निघालात की वाटेत ओळखीचा कोणीतरी गाडी थांबवून विचारणारच, "पैदल कायले चालले, भाऊ? गाडी बिघडली का?" तेच अंतर स्पोर्ट शूज घालून, कानात इयरफोन खुपसून कापा. तोच गृहस्थ लांबूनच अंगठा दाखवील. व्यायामाला चालणारा आदरणीय, कामाला चालणारा बिचारा. शहराची ही रीत एकदा अंगवळणी पडली की पुढचा सगळा मामला तांत्रिक आहे.

सायकलीलाही हीच रीत लागू. रविवारी पहाटे हेल्मेट घालून अंबाझरी-फुटाळ्याला चक्कर मारतो तो सायकलिस्ट. सोमवारी हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा, कॅरिअरला थापी आणि ओळंबा बांधून मजुरांचा ठिय्या गाठणारा, पहाटे घरोघरी पेपर टाकणारा, हे सगळे नुसते सायकलवाले; त्यांच्यामागे हॉर्न वाजवायचा असतो. 2020 साली केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात नागपूर उतरलं आणि सायकलींसाठी रस्त्याच्या कडेला पट्टेही आखले गेले. कार लावताना चाकं कुठपर्यंत घ्यायची याचा अंदाज लोकांना त्या पट्ट्यांमुळे फार छान येतो.

सायकल कुठली घ्यावी? शहर बहुतेक सपाट. सेमिनरी हिल्सकडे जायचं नसेल तर बिनगिअरची साधी सायकल भरपूर झाली. टायर मात्र 1.75 इंचापेक्षा बारीक नको. सिमेंट रोडचा स्लॅब आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यात जी फट राहते ती खास बारीक टायरसाठीच सोडलेली असावी, इतकी मापात बसते. चाक तिच्यात उतरलं की हॅण्डल वळत नाही. सायकलीचा तोल हॅण्डलच्या बारीक हालचालींवरच सावरला जातो, त्यामुळे पुढच्या क्षणी आपण गट्टूंवर. ती फट पार करायचीच असेल तर तिच्या कडेकडेनं सरकत जाऊ नका. वेग कमी करा आणि शक्य तेवढ्या काटकोनात ओलांडा. मागच्या गाडीवाल्याला तुमचं हे आडवं येणं आवडणार नाही, तो त्याच्या परीनं कळवेलच. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधाही असतो. ताशी 15 किलोमीटरनं गेलात तर जवळजवळ दर सेकंदाला बुडाखाली एक टक्क बसतो. तो मोजत चला, स्पीडोमीटरचा खर्च वाचेल.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढं गेला की "उन्हात ट्यूब फुटते" असं प्रत्येक जण सांगेल. मान डोलवा. हिशेब मात्र वेगळा आहे. 27 अंशांना 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा 57 अंशांना फार तर 56-57 पीएसआय होते, आणि तेवढ्यानं धडधाकट ट्यूबला काही होत नाही. सुटतं ते जुनं पंक्चर. रबर आणि सोल्युशन तापून मऊ पडतं, ठिगळाची कड उचलते आणि ऑफिस सुटेपर्यंत चाक जमिनीला टेकलेलं असतं. बऱ्याचदा दोष वालट्यूबचा, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवलेल्या बारीक रबरी नळीचा, असतो. ती उन्हानं कडक होऊन चिरते, पण लोक उगाच टायर उघडून काटा शोधत बसतात. वालट्यूबचा बोटभर तुकडा पाकिटात ठेवा. ठिगळ लावताना जागा काचकागदानं घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबा. ओल्यावरच दाबलेलं ठिगळ एप्रिलपर्यंतच सोबत करतं. सायकल सावलीत लावली तर यातलं बरंच टळतं, पण जुनी झाडं रस्तारुंदीकरणात गेली तिथं सावली मागणं म्हणजे विकासाला विरोध.

चेनला गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका. सिमेंटची धूळ त्यात बसून घासणारी पेस्ट तयार होते आणि मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलचे दात संपतात. कडीला स्वच्छ तेलाचा एक थेंब, मग कोरड्या फडक्यानं पुसून काढा.

पायी जाणाऱ्यांनी फुटपाथचा मोह टाळावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. त्या रुंदीत आधी विजेची डीपी येते, मग पानठेला, मग चार दुचाकी, मग तर्री-पोह्याची प्लेट हातात धरलेली गर्दी. चालायला रस्ता आहेच की.

रस्ता ओलांडायचं गणित सोपं आहे. 24 मीटर रुंदीला सेकंदाला 1.2 मीटरच्या चालीनं 20 सेकंद लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजींना तीसच्या वर. उन्हाळ्यात दुपारी बरेच सिग्नल बंद ठेवतात, गाडीवाल्यांना उन्हात थांबावं लागू नये म्हणून. मग तुमचे 20 सेकंद तुम्हीच हात दाखवून मिळवायचे. पादचारी पूल असेल तर उत्तम: खालून वाहनांना साडेपाच मीटर उंची लागते, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या सुमारे 40 पायऱ्या चढायच्या नि तेवढ्याच उतरायच्या. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असं 3.14 किलोमीटरचं काम 2022 मध्ये गिनीज बुकात गेलं. तीनपैकी चालणाऱ्याचा मजला कुठला, हे विचारून रंगाचा बेरंग करू नका.

सिग्नलला डावीकडून पुढं सरकताना समोरच्यांच्या माना बघा. गाल फुगलेला, हनुवटी जरा वर, मान बाजूला कलतेय, म्हणजे तोंडातला खर्रा (तंबाखू-सुपारी) पिकला, आता पिचकारी येणार. ब्रेक तिथंच दाबा. बसच्या खिडकीखालून कधीच जाऊ नका.

पोचल्यावर सायकल लावायची कुठं, हा शेवटचा पेच. मॉलच्या पार्किंगमध्ये सायकलीची पावती फाडायची सोय नसते. चौकीदार काका "इथं नाही जमत" म्हणतील. सायकल ऐंशी हजारांची आहे असं ठोकून द्या; कारच्या रांगेत जागा मिळेल, वर "किती किलोची हाय?" अशी चौकशीही होईल. खोटं बोलवत नसेल तर काकांना त्यांची सायकल कुठं असते ते विचारा. ड्युटीला ते स्वतः सायकलीनंच येतात आणि ती मागं जनरेटरच्या खोलीआड, साहेबांना दिसणार नाही अशी लावतात. तिथं दुपारी सावली असते. दोन्ही सायकलींच्या फ्रेममधून एकच साखळी ओवा आणि किल्ली त्यांच्याकडेच द्या, कारण त्यांची पाळी सुटते रात्री आठला.