बारा गुणांची वजावट हवीच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा असा: क्लब बुडवतो मालक आणि गुण जातात संघाचे. मालक हात झटकून मोकळा होतो, खेळाडू आणि प्रेक्षक खालच्या विभागात जातात. म्हणून कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेलेल्या क्लबचे १२ गुण कापण्याचा इंग्लिश फुटबॉलमधला हा नियम रद्द करून मालकाला दंड करावा. उदाहरणं तुम्ही डर्बी आणि विगनची दिलीत, आणि शेवटी ब्लॅकबर्नवरही ही वेळ येईल का, असं काळजीने विचारलंत. तुमची चीड मला समजते. उपाय मात्र पटत नाही.

हा नियम का आला ते आधी बघा. ऑक्टोबर २००२ मध्ये लेस्टर सिटी सुमारे ३ कोटी पौंडांच्या कर्जासह ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कर्जबाजारी कंपनीचा कारभार प्रशासकाकडे सोपवण्याच्या प्रक्रियेत, गेली. प्रशासक आला, धनकोंचे तगादे कायद्याने थांबले, करखात्यासह अनेकांचे पैसे बुडाले, आणि त्याच मोसमात दुसरा क्रमांक मिळवून क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. कर वेळेवर भरण्यासाठी ज्या क्लबांनी खेळाडू विकले, ते खालीच राहिले. यावर प्रीमियर लीगखालचे विभाग चालवणाऱ्या फुटबॉल लीगने १० गुण कापायचं ठरवलं. डिसेंबर २००४ मध्ये पहिली पाळी रेक्समवर आली, आणि २०१५-१६ पासून आकडा १२ झाला. म्हणजे ही मालकाची शिक्षा नाहीच. दुसऱ्यांचे पैसे थकवून जो संघ मैदानात उतरवला, त्याने कमावलेल्या गुणांचा हा हिशेब आहे.

दंड करायचा तर वसूल कोणाकडून करणार? प्रशासक नेमला गेला की मालकाच्या शेअर्सची किंमत जवळपास शून्य होते. क्लबला दंड लावला तर तो धनकोंच्याच वाट्यातून जातो. मालक स्वतः बरेचदा परदेशातल्या कंपनीआड असतो. लीगच्या हातात खरोखर दोनच गोष्टी असतात: सदस्यत्व आणि गुणतक्ता.

आता डर्बी. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲडमिनिस्ट्रेशनबद्दल १२ गुण गेले, नोव्हेंबरात आणखी ९. ते ९ वेगळ्या कारणाने गेले. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकायची असते: १ कोटी आणि ४ वर्षं, तर दरवर्षी २५ लाख. डर्बीने करार संपतानाची खेळाडूंची किंमत फुगवून सुरुवातीच्या वर्षांतला खर्च कमी दाखवला, आणि तोट्याची मर्यादा ओलांडली. मैदानावर त्यांनी ५५ गुण मिळवले होते. फक्त १२ वजा केले असते तर ४३ उरले असते, आणि चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या विभागात, टिकलेल्या शेवटच्या संघाचे, रेडिंगचे, ४१ होते. डर्बी घसरली ती हिशेबाच्या चलाखीमुळे. तुमच्या मुद्द्याला हे उदाहरण लागू पडत नाही.

विगनच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, पण अर्धेच. २०१९-२० मध्ये ५९ गुण, म्हणजे तेरावं स्थान; १२ गेल्यावर ४७ आणि तेविसावं. ४९ गुणांवर बार्न्सले वाचली. मालकी बदलून महिनाही उलटला नव्हता आणि १ जुलै २०२० ला नव्या मालकाने क्लब प्रशासकांच्या हाती दिला. हे भयंकर होतं. पण चूक झाली ती त्या माणसाला क्लब घेऊ देण्यात. त्याच्याकडे क्लब चालवण्याइतका पैसा आणि इरादा आहे का, हे खरेदीआधी तपासायला हवं होतं. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आणला आहे तो याच कामासाठी. आणि वजावट झाली नसती तर विगनऐवजी बार्न्सले घसरली असती. तिने काय वाईट केलं होतं?

नियम पळवाटा बघत बघत घट्ट होत गेला आहे. ४ मे २००७ ला लीड्स ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली तेव्हा तिची घसरण जवळजवळ पक्की होती, त्यामुळे १० गुण कापण्याला काही अर्थच उरला नाही. म्हणून मार्चचा चौथा गुरुवार ही सीमा ठरली. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलेला संघ तसाही घसरणार असेल तर वजावट पुढच्या मोसमात होते. वाचत असेल तर त्याच मोसमात, जशी विगनची झाली. २००९ मध्ये साउदॅम्प्टनचा युक्तिवाद होता की बुडाली ती मूळ कंपनी, क्लब नव्हे. लीगने दोघांचे हिशेब तपासले, ते एकमेकांत गुंतलेले निघाले आणि १० गुण गेलेच.

माझी खरी तक्रार वेगळीकडे आहे. ॲडमिनिस्ट्रेशनमधून बाहेर पडताना क्लबने ‘फुटबॉल धनकोंचं’, म्हणजे खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पूर्ण फेडायचं असतं. बाकीच्या बिनतारणी धनकोंना पौंडामागे २५ पेन्स रोख, किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स दिले तरी चालतं. तेवढेही दिले नाहीत तर आणखी १५ गुण जातात. २०१० मध्ये पोर्ट्समथच्या तडजोडीत या बाकीच्यांसाठी २० पेन्सच ठरले होते, आणि त्या यादीत प्रेक्षकांना प्रथमोपचार देणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती. करखात्याने हा भेदभाव न्यायालयात नेला आणि २०१२ मध्ये ते हरलं. बदल करायचा तर इथे करा. स्ट्रायकरचा पगार पूर्ण आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना पाचवा हिस्सा, हे मला कोणत्याच बाजूने न्याय्य वाटत नाही.

ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकीजकडे आहे. तिथला तोटा वर्षानुवर्षं मालकच भरून काढतात, आणि मध्यंतरी ते पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. त्यामुळे तुमची काळजी बिनबुडाची नाही. पण ॲडमिनिस्ट्रेशन एका रात्रीत येत नाही. आधी पगार लांबतात, मग करखात्याची थकबाकी वाढते. वर्षभरातला उशीर मिळून ३० दिवसांपलीकडे गेला की खेळाडूंसाठी पैसे मोजायला बंदी येते. शेफील्ड वेन्सडेचं २०२५ मध्ये याच क्रमाने झालं: उन्हाळ्यात बंदी, २४ ऑक्टोबरला ॲडमिनिस्ट्रेशन आणि १२ गुण वजा. ब्लॅकबर्नबाबत पहिली खूण हीच: महिनाअखेरचा पगार वेळेवर झाला की नाही.