लॉकडाऊनवर मत कसे बनवावे

पुढची महामारी कधी येईल ते सांगता येत नाही, पण एका पारड्यात जीव आणि दुसऱ्यात अर्थव्यवस्था ठेवून कुठले जड, यावर आपले मत तयार हवे. त्यासाठी आधी एवढेच पाहा, की पगार घरबसल्या खात्यात जमा होतो का. होत असेल, तर 'शिर सलामत तर पगडी पचास' म्हणत बेमुदत लॉकडाऊन मागा. पन्नास पगड्या असतात कुणाकडे, या तपशिलात शिरू नका. धंदा तुमचा स्वतःचा असेल, तर हातावर पोट असलेल्यांचा कळवळा येऊ द्या. त्यांची मजुरी तुम्हीच थकवली असेल, तर कळवळा जरा मोठ्या आवाजात येऊ द्या.

'घरी राहा, सुरक्षित राहा' असे स्टेटस टाकून झाले, की सामान मागवा. आणणाऱ्याला लिफ्टला हात लावू देऊ नका. तो जिने चढून पार्सल दाराबाहेर ठेवील. आधी त्यावर फवारा मारा, मग दाराआडूनच त्याला पाच तारे द्या.

इतिहास जपून वापरा. 28 सप्टेंबर 1918 रोजी, फ्लू शहरात शिरलेला असताना, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने युद्धकर्जासाठी पैसा उभा करायला भव्य मिरवणूक काढली. काही दिवसांतच रुग्णालये ओसंडली आणि मग शहर बंद करावेच लागले. तिथल्याच सेंट लुईस शहराने आधीच शाळा आणि नाट्यगृहे बंद केली, तिथे मृत्यूंचे शिखर बरेच खाली राहिले. म्हणजे साथ आवरणे हाही अर्थव्यवस्थेचाच भाग, असे कुणी म्हणू लागले तर विषय बदला. दोन पारडी एकमेकांना बांधलेली निघाली, तर आपण तोलायचे काय?

अशा वेळी स्वीडन कामी येतो. या देशाने 2020 मध्ये कडक टाळेबंदी केली नाही. त्या वर्षाच्या वसंतात तिथे नॉर्वे-फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त माणसे दगावली. हा आकडा बंदवाल्यांनी घ्यावा. 2020 ते 2022 धरले, तर तिथले अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेले, युरोपातल्या सर्वांत कमींपैकी. हा खुलेवाल्यांनी घ्यावा. दारे उघडी ठेवूनही त्यांची अर्थव्यवस्था 2020 मध्ये आक्रसली, कारण घाबरलेले गिऱ्हाईक सरकारी आदेशाची वाट पाहत नाही, शिवाय निर्यातीला बाहेर बाजार हवा. हा मुद्दा कुणालाच सोयीचा नाही, राहू द्या.

आजारपणात भरपगारी रजा, बंद काळात थेट मदत, भरपूर चाचण्या असले मधले मार्ग सुचवणाऱ्याला ग्रुपमधून काढा. त्याने वादाची मजा जाते.

आणि शाळांचा विषय तर काढूच नका. साथ ऐन भरात असताना जगभरात दीडशे कोटींवर विद्यार्थी घरी होते. पण मुले या रोगाने फारशी मरत नव्हती आणि त्यांचे बुडालेले शिक्षण त्या तिमाहीच्या जीडीपीत दिसत नव्हते, तेव्हा ती कुठल्याच पारड्यात बसत नाहीत. शेजारच्या खोलीतून ऑनलाइन वर्गाचा आवाज येत असेल, तर त्याला म्यूट करायला सांगा. तुमची महत्त्वाची चर्चा चालू आहे.