२३ किलोंची मोटारसायकल

मित्राची जुनी मोटारसायकल इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या एका कार्बोरेटरवाचून तीन वर्षे अडून बसली होती आणि नेमका तो कार्बोरेटर, शिवाय एक सायलेन्सर आणि मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची जोडी माझ्याकडे माळ्यावर धूळ खात पडली होती. मी विमानाने त्याच्याच गावी निघालो आहे हे कळताच त्याने ज्या सहजतेने "बॅगेत टाकून आण" असे सांगितले, त्या सहजतेने मी स्वतःचा रुमालही बॅगेत टाकत नाही.

माझ्या तिकिटावर २३ किलोंची मुभा होती. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे आणि मग बॅग कवटाळून उभे राहून मी वजाबाकी केली. त्या वजाबाकीत माझ्याविषयी जे कळले, तो या लेखाचा विषय नाही. बॅग भरली ३४ किलो. जादा वजनाचे पैसे भरता येतात, पण एका नगाचे वजन ३२ किलोंच्या वर गेले की बहुतेक विमान कंपन्या पैसे घेऊनही ती बॅग स्वीकारत नाहीत, कारण ती शेवटी कोणा माणसाला स्वतःच्या कमरेच्या जोरावर उचलायची असते. तेव्हा माझे कपडे एकेक करून बाहेर पडले. जे उरले त्यांनाही कपडे म्हणणे अवघड होते. सदऱ्यांनी शॉकअॅब्सॉर्बर गुंडाळले गेले आणि जागा वाया जाऊ नये म्हणून मी सहा जोड मोजे सायलेन्सरच्या नळीत ठासून भरले. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरांच्या आत बसवण्यासाठी सायलेन्सर तिरका ठेवावा लागला, एवढे सांगून मी मापांचा विषय आटोपतो.

काउंटरवरच्या बाईंनी "यात काय आहे?" असे विचारले, तेव्हा मी अभिमानाने "सायलेन्सर" असे उत्तर दिले. त्या इमारतीत या शब्दाचा दुसराच, बंदुकीचा अर्थ आधी आठवतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजले, आणि "मोटारसायकलचा" हा शब्द मी जोडेपर्यंत त्यांचा हात फोनकडे गेला होता.

पुढे क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतो, हे ज्ञान मला एका अत्यंत गंभीर अधिकाऱ्याने दिले. माझी निळी नळी आतून नारिंगी होती. "हे काय आहे?" या प्रश्नाला "मोजे" हे माझे उत्तर शंभर टक्के खरे होते, पण ते मलाच खोटे वाटले. अधिकाऱ्याने हातमोजे घातले आणि माझे पायमोजे एकेक करून बाहेर काढले. इतक्या काळजीने त्यांना आजवर कोणी हात लावला नव्हता.

कार्बोरेटर मात्र वासाने पकडला गेला. मी तो आधी रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने धुतला होता, दोन दिवस उन्हात वाळवला होता आणि माझ्या नाकाला त्यात काहीही जाणवत नव्हते. पण मोटारसायकलवाल्याचे नाक ही साक्ष कोणत्याही दरबारात ग्राह्य धरली जात नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अनेकदा अधिक धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, हे मीच लोकांना ऐटीत सांगत आलो होतो. आता तेच मला ऐकवण्यात येत होते आणि वाद घालायला जागा नव्हती. शॉकअॅब्सॉर्बरमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असल्याने तेही धोकादायक मालाच्या यादीत जाऊन बसले आणि ते दोन्ही सदऱ्यांतून सोडवून ठेवून घेण्यात आले.

मित्राने घरी बॅग उघडली. आत मोजे, चुरगळलेले सदरे आणि ज्याची त्याला मुळीच घाई नव्हती तो सायलेन्सर होता. त्याने तो शांतपणे बाजूला ठेवला, आत जाऊन फडक्यात बांधलेले एक जड गाठोडे आणले आणि म्हणाला, "जाताना तुझी बॅग रिकामीच असेल ना? हा क्रँकशाफ्ट तुझ्या मेकॅनिककडे दे. यात पेट्रोल नसतं."