चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय

"अभिनंदन! यंदा नफा चार लाख साठ हजार," असं म्हणून आमच्या सीए साहेबांनी ताळेबंद माझ्यापुढे सरकवला आणि पोराला चहा सांगितला. मी टेबलाखाली हळूच मोबाइल काढून बँकेचं ॲप उघडलं. शिल्लक ₹१,१४०.

"साहेब, मग हे पैसे आहेत कुठे?"

"येण्यात आहेत की!" साहेब म्हणाले. त्यात कुजकेपणा नव्हता. शिक्षक वर्गात जितक्या सरळपणे 'सूर्य पूर्वेला उगवतो' सांगतात, तितक्याच सरळपणे म्हणाले.

हिशेबात 'येणं' हा शब्द ज्याने पहिल्यांदा लिहिला, तो एक तर कमालीचा आशावादी असणार, नाहीतर स्वतःच कुणाची तरी उधारी बुडवून बसलेला असणार. वर्षभर वाट बघूनही जे येत नाही ते येणं. देणं मात्र नावाला जागतं. ते तारखेला दिल्याशिवाय सुटका नाही.

मी सांगलीत छापखाना चालवतो. दोन मशिनं, पाच माणसं आणि कागदाचा वास. धंद्यात आलो तेव्हा वाटायचं, काम मिळवणं अवघड. काम मिळतं हो. कामाचे पैसे मिळवणं हा वेगळाच धंदा आहे आणि त्यासाठी कोणी माणूस ठेवला तर त्याचा पगारही मलाच द्यावा लागेल.

महिना कसा जातो बघा. ७ तारखेला पगार, १० ला कागदवाला, १५ ला मशीनचा हप्ता, २० ला जीएसटी. यातल्या जीएसटीचं मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. मला वाटायचं, गिऱ्हाईक कर देतं आणि आपण तो सरकारकडे पोचवतो. पोस्टमनसारखं. तसं नाही. बिल फाडलं की कर लागू. गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी त्याच्या वाटचा कर मी २० तारखेला भरायचा, चुकलो तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. आणि गिऱ्हाईक? तो माझ्या खिशातून भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, आरामात घेऊन मोकळा. मात्र १८० दिवसांत त्याने मला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. त्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं अशी आहेत, ज्यांना बरोबर १७५ व्या दिवशी माझी गाढ आठवण येते. "कसे आहात? बरेच दिवसांत भेट नाही!" भेट नाही कशी? मीच तर दर सोमवारी तुमच्या दारात असतो.

वसुलीला गेलं की ऐकायला मिळणारी वाक्यं आता मला पाठ आहेत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे बालवाडीतलं. "बिल मिळालंच नाही, परत पाठवा" म्हणजे अजून महिना गेला. सगळ्यांत वरच्या वर्गातलं वाक्य म्हणजे "चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय". ह्या वाक्याला तोड नाही. यात नकार नाही, खोटं नाही, पैसेही नाहीत. सही करणारे बाहेरगावी असतात. इतकी वर्षं मी हे ऐकतोय आणि माझी खात्री झालीय की असं एखादं बाहेरगाव खरोखरच असणार, जिथे महाराष्ट्रातले सगळे सही करणारे एकत्र राहतात.

सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात म्हणा. लग्नपत्रिकावाले देवमाणसं. पूर्ण पैसे आधी देतात, कारण मुहूर्त त्यांचा असतो आणि घाई त्यांना असते. निवडणुकीचं उलट. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक, त्यामुळे प्रत्येक उमेदवाराबरोबर माझंही नाव गल्लोगल्ली फिरतं. निकालानंतर पडलेला म्हणतो, "आता कुठून देऊ?" निवडून आलेला फोन उचलत नाही. म्हणून आम्हा छापखानेवाल्यांचा अलिखित नियम आहे : निम्मे ऑर्डरबरोबर, निम्मे गठ्ठा हातात देण्याआधी. प्रचाराच्या धुमाळीत तो नियम दर वेळी मोडला जातो, तो भाग वेगळा.

पण माझी खरी परीक्षा गणपतीत असते. आमच्या भागातल्या एका मंडळाला गेल्या वर्षी मी वर्गणीची पावतीपुस्तकं छापून दिली. नंबरिंग, पर्फोरेशन, वर गणपती, बिल ₹४,२००. गणपती बसले, उठले, वर्ष सरलं. यंदा आम्ही पुन्हा पुस्तकं छापली (का छापली, विचारू नका, देवाचं काम) आणि आठवड्याने मंडळाची चार पोरं दुकानात हजर.

"काका, दरवर्षीप्रमाणे ५०१ लिहू ना?"

"अरे, गेल्या वर्षीच्या पुस्तकांचं बिल..."

"ते खजिनदार बघतो काका. आम्ही फक्त वर्गणी."

"मग खजिनदार कुठाय?"

"हा काय, मागे उभाय. पण आज तो वर्गणीला आलाय."

मी म्हणालो, असं करा, ५०१ बिलातून वळते करून घ्या. त्यावर पुस्तक हातात धरलेला पोरगा कानांना हात लावून म्हणाला, "नको काका. देवाच्या पैशात उधारी नको."

पावती फाडून माझ्या हातात दिली. कागद माझा, शाई माझी, तळाशी बारीक अक्षरात मुद्रक म्हणून नाव माझं, मधल्या रेघेवर देणगीदार म्हणून नाव पुन्हा माझंच. पर्फोरेशन मात्र छान झालं होतं. पावती एका झटक्यात सुटली.

मध्यंतरी मला वाटलं होतं, दिवस पालटले. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि २०२४ च्या मार्चअखेरीला सगळीकडे तेच बोलणं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. नाहीतर गिऱ्हाइकाला आयकराच्या हिशेबात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येणार नाही. आमची ही दुपारी दोन तास काउंटरवर बसते, बिलं तीच बघते. तिने मला ते कलम मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. मी तातडीने बिलांवर आमचा उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपण छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद, ठळक अक्षरात छापून घेतला. छापखाना घरचाच.

आठवड्याभरात एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन. "ते बिलावर उद्यमचं काय छापलंय तुम्ही? ते काढा, मग पुढची ऑर्डर देतो." मी काढलं. इकडे कागदवाल्याला वाटलं, आता आपणही ४५ दिवसांचा हिसका दाखवू. पण तो पडला व्यापारी, त्याला हे कलम लागू नाही. त्यामुळे तो कायद्याच्या भानगडीत न पडता रोज सकाळी नऊला फोन करतो. हे कलमापेक्षा जास्त चालतं.

घरचं अंदाजपत्रक हा अजून एक प्रकार. मुलाने लॅपटॉपवर रंगीत तक्ता करून दिला होता. किराणा हिरवा, शिक्षण निळं. मी प्रामाणिकपणे तीन महिने आकडे भरले. चौथ्या महिन्यात 'किरकोळ' हा रकाना किराण्याला मागे टाकून पुढे गेला आणि त्याला लाल रंगही पुरेना. त्या दिवशी लॅपटॉप बंद केला.

आमच्या घरात खरी अर्थव्यवस्था तिच्या भिशीची. बारा जणी, महिन्याला दोन हजार, पाच तारखेला संध्याकाळी चार वाजता चिठ्ठी. उशीर करणारीने सगळ्यांना भडंग द्यायचं. आजवर एकही थकबाकी नाही, एकही स्मरणपत्र नाही. भडंगसुद्धा फक्त एकदाच खायला मिळालं. मी हे धंद्यात करून बघायचा विचार केला होता, पण कारखान्याच्या अकाउंट्स खात्याकडे भडंग कोणत्या तोंडाने मागायचं?

गेल्या सप्टेंबरात भिशी तिला लागली. २४ हजार. वॉशिंग मशीन ठरलेलं होतं, रंगसुद्धा. आणि २० तारखेला माझा जीएसटी ₹२३,७००, खात्यात नेहमीचं पवित्र वातावरण. मी घसा साफ केला.

"अगं, चार दिवसांसाठी..."

तिने पैसे दिले. डायरीत लिहिलं : 'प्रेसवाले, २४,०००.' माझ्याच घरात मी प्रेसवाले झालो. मग शांतपणे विचारलं, "लेखी करार आहे का?"

"नवरा-बायकोत कसला करार?"

"म्हणजे १५ दिवस."

पाच ऑक्टोबरला दुपारी ती काउंटरच्या त्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी येऊन उभी राहिली. डायरी उघडलेली. मशीनवरची पोरं कागद सारखे करायच्या निमित्ताने कान लावून. माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक :

"चेक तयार आहे गं, फक्त सही राहिलीय."

"सही करणारे कुठायत?"

"बाहेरगावी."

तिने डायरी मिटली. "बरं. जेवायला पण तिकडेच थांबायला सांगा त्यांना."