आठ तासांचा वाद आणि जेम्सटाउनची ल्युसिल बॉल

आई झालेल्या अभिनेत्रीने आठ तासांची शिफ्ट मागावी का, हा वाद २०२५ मध्ये दीपिका पदुकोणच्या निमित्ताने भारतात पेटला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा ‘नखरे’ हा शब्द वारंवार येत होता आणि तो वाचून मला फार वाईट वाटले. मी राहते त्या अमेरिकेतल्या बफेलोपासून गाडीने दीडेक तासावर जेम्सटाउन नावाचे छोटे शहर आहे. १९११ साली तिथे जन्मलेल्या ल्युसिल बॉल या अमेरिकन अभिनेत्रीची गोष्ट आपल्याकडच्या या चर्चेत यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

चित्रपटांत वर्षानुवर्षे दुय्यम भूमिका केलेल्या ल्युसिलला दूरचित्रवाणीने हाक दिली, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. पडद्यावरचा नवरा म्हणून आपला खरा नवरा, क्यूबात जन्मलेला देसी अर्नाझच हवा, हा तिचा पहिला हट्ट होता. दुसरा हट्ट असा, की काम न्यूयॉर्कला न होता लॉस एंजेलिसला, म्हणजे घराजवळ व्हावे आणि त्याचे फिल्मवर चित्रीकरण व्हावे. वाढलेल्या खर्चापोटी दोघांनी स्वतःचे मानधन कमी करून घेतले, मात्र त्या बदल्यात भागांची मालकी आपल्या ‘देसिलू’ या कंपनीकडे ठेवली. या एका व्यवहाराने तिच्या पुढच्या आयुष्याला वळण मिळाले. ‘आय लव्ह ल्युसी’ ही तिची विनोदी मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली, त्याआधी तीनच महिने तिला मुलगी झाली होती. पुढच्याच वर्षी ती पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा पडद्यावर पोट दिसू नये, असे प्रायोजकांना वाटत होते. तिने आणि देसीने ते गरोदरपण थेट कथेतच आणले. ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायची मुभा नव्हती, संहिता धर्मगुरूंकडून तपासून घ्याव्या लागत होत्या, तरीही भाग झाले. आपल्याकडे मालिकावाले एपिसोडची बँक करतात, तसे ते आधीच चित्रित करून ठेवले होते. १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावरच्या ल्युसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी खऱ्या ल्युसिललाही. सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो भाग पाहिला. ज्या आरकेओ स्टुडिओत ती कधीकाळी पगारी नटी होती, तोच देसिलूने १९५७ मध्ये विकत घेतला. घटस्फोटानंतर, १९६२ मध्ये, देसीचा हिस्सा घेऊन ती एकटी कंपनीची प्रमुख झाली.

यावरून अमेरिका बायकांना जपते, असा अर्थ कोणी काढू नये. इथे आजही देशभर लागू असलेला पगारी बाळंतरजेचा कायदा नाही, १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. धाकट्याच्या वेळी मी सातव्या आठवड्यात कामावर परतले, कारण घराचे हप्ते थांबणार नव्हते. भारतात २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण दिवसाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या, बारा-तेरा तास सेटवर असणाऱ्या मालिकेतल्या मुलीपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून नटीने किती तास मागावेत यापेक्षा करार कोण लिहिते, हा प्रश्न मला मोठा वाटतो. आपल्याकडे दुर्गाबाई खोटे यांनी तो फार आधी ओळखला होता. १९३७ साली त्यांनी स्वतः चित्रपट काढला आणि पुढे त्यांच्याच निर्मितीसंस्थेने ‘वागले की दुनिया’ ही मालिका केली.

माझी भाची मुंबईत मालिकांमध्ये काम करते. मागच्या महिन्यात तिने नवा करार मला वाचायला पाठवला. केस कापण्यापूर्वी निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी, असे कलम त्यात आहे. बाळंतपणाबद्दल मात्र मला त्यात एकही ओळ सापडली नाही. ती ओळ लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस, असे मी तिला कळवले आहे.