अंगठेबहाद्दर

रिमोटवर उडणारं विमान बांधायला पंधरा दिवस लागतात आणि पाडायला अकरा सेकंद. या अकरा सेकंदांचा सगळा दोष मी एकाच अवयवावर ठेवतो, तो म्हणजे उजवा अंगठा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रान्समीटरांवर उजव्या स्टिककडे दोन कामं असतात: एलेव्हेटरनं (शेपटीची आडवी पट्टी) नाक वर-खाली करायचं आणि एलेरॉननं (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) विमान डावं-उजवं कलवायचं. डाव्या स्टिककडे थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, आणि रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी. नवशिक्याच्या डाव्या अंगठ्याला भीतीनं लकवा भरतो आणि उजव्याला चेव येतो. एकलव्याचा अंगठा मागणं अन्यायच होता, पण नवशिक्याशेजारी मैदानावर उभं राहिलं की ही गुरुदक्षिणा उड्डाणाआधीच वसूल करावी असं वाटतंच.

आधी बांधणी. पहिलं विमान ट्रेनरच, म्हणजे शिकाऊच हवं. पंख धडाच्या वर, टोकं किंचित उचललेली, टोकापासून टोकापर्यंत १ ते १.२ मीटर, वजन बॅटरीसकट ७००-८०० ग्रॅम. असं विमान कललं आणि स्टिक सोडून दिली की बऱ्यापैकी आपणहून सरळ होतं. नवशिक्याला मात्र सुखोई हवं असतं. ट्रेनर म्हणजे त्याला मारुतीच्या जागी बैलगाडी दिल्यासारखं वाटतं. बैलगाडीचा मोठा गुण असा की गाडीवान झोपला तरी बैल घरी येतात.

स्टेशनरीच्या दुकानात ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड मागावा. दुकानदार हमखास पीव्हीसीचा सनबोर्ड पुढे करतो. तो दुकानाच्या पाटीसाठी उत्तम, विमानासाठी भलताच जड. एका बोटावर तोलून बघा, मनगटाला लगेच कळतं. चिकटवायला हॉट ग्लू, तोही बेतानं, कारण ग्लूचंही वजन होतं. थर्माकोलच्या जातीच्या फोमवर फेविक्विक चुकूनही लावू नका. तो फोम चिकटवत नाही, खातो. कडेला एक थेंब टाकून दोन मिनिटांनी बघितलं तर उंदरानं कुरतडल्यासारखा खड्डा दिसतो. एलेव्हेटरच्या बिजागरीसाठी कडेला ४५ अंशांचा तिरका काप द्यायचा आणि वरून टेप मारायची. काप विसरला तर एलेव्हेटर खाली वळतच नाही. या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर म्हणजे सर्वो, आणि तिला पट्टीशी जोडणारी तार म्हणजे पुशरॉड. पुशरॉडला सायकलचा स्पोक चालतो, फक्त सर्वोच्या हाताचं भोक थोडं मोठं करावं लागतं.

मोटर घेताना ‘ए२२१२, १००० केव्ही’ म्हणायचं. हे केव्ही ऐकून महावितरणची आठवण काढू नका. हा किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे त्याचा आकडा आहे. तीन सेलची लिपो बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे पंखा (प्रोपेलर) न लावता मोटर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारणार. तिला १० बाय ४.५ इंची पंखा, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), २२०० एमएएचची बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्वो. मोटर उलटी फिरली तर हताश होऊ नका. तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की सुलटी फिरते. पंख्यावरचे आकडे पुढच्या बाजूला, म्हणजे विमान ज्या दिशेनं जाणार तिकडे. उलटा पंखा बसवूनही मोटर आवाज जोरदार करते. विमान मात्र आवाजावर उडत नाही.

पंखा सगळ्यात शेवटी बसवायचा, हे तर कपाळावर गोंदवून घ्यावं. जुळवाजुळव चालू असताना मोटर कधी फिरेल याचा नेम नसतो, आणि त्या १० इंची पंख्याला फोम आणि बोट यांतला फरक कळत नाही.

सर्वोचा हात बसवतानाची चूक इतकी नेमानं होते की तिला विधीच म्हणावं. नवशिक्या सर्वो खोक्यातून काढतो, हात सरळ दिसेल असा बसवतो, स्क्रू पिळतो, पुशरॉड जोडतो, आणि मग वीज देतो. सर्वो ‘झूं’ करून आपल्या खऱ्या मध्यावर जातो आणि एलेव्हेटर ध्वजवंदनाला उभा राहतो. क्रम उलटा हवा. आधी ट्रान्समीटर चालू, ट्रिम (स्टिकचा मध्य बारीक सरकवणारी बटणं) शून्यावर, मग विमानाला बॅटरी, सर्वो मध्यावर जाऊ द्यायचा, आणि मगच हात काटकोनात बसवून स्क्रू. बंद करताना मात्र आधी विमान, नंतर ट्रान्समीटर.

आता विमानाच्या मागे उभं राहायचं. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. उलटं होत असेल तर ट्रान्समीटरच्या मेन्यूत ‘रिव्हर्स’ नावाची सोय आहे, दहा सेकंदांचं काम. मैदानावर पोचल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची. उलट्या एलेरॉननं उडालेलं विमान सावरायला आपण जितकं धडपडतो तितकं ते जास्त कलतं. एलेव्हेटर आणि एलेरॉनची हालचाल मध्यापासून एकेका बाजूला १०-१२ मिलिमीटर पुरे. शिवाय एक्स्पो ३० टक्के, म्हणजे मध्याजवळ स्टिक मवाळ होते. एक्स्पोला काही कंपन्या अधिक चिन्ह लावतात, काही उणे, म्हणून स्टिक हलवून डोळ्यांनी खात्री करा. हे ३० टक्के थेट उजव्या अंगठ्याच्या नावावर जमा होतात.

तोल हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नेमका तोच टाळला जातो, कारण त्यात खरेदी करण्यासारखं काही नसतं. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खालून पेनानं खूण करायची. बॅटरी जागेवर ठेवून त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचलायचं. सपाट राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. नाक जड असलेलं विमान म्हाताऱ्या बैलासारखं चालतं, पण चालतं. शेपूट जड झालं की ते उधळलेलं खोंड. तोल साधायला आधी बॅटरी पुढे-मागे सरकवायची. ती सुमारे १८० ग्रॅमची असते, त्यामुळे दोन सेंटिमीटरनंही जमून जातं. शिसं आणि नाणी नंतर.

मैदान मोठं हवं आणि वेळ सकाळची, नऊच्या आत. ऊन चढलं की आपल्या माळावर वाऱ्याचे झोत सुरू होतात आणि वर घारी घिरट्या घालू लागतात. घारीला विमान आवडतं की खटकतं हे सांगता येत नाही, पण ती जवळ येऊन चौकशी करते. संक्रांतीच्या आठवड्यात घरीच तिळगूळ खावा, कारण मांजा दिसत नाही. जागा ठरवताना सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर नजर टाकावी, कारण विमानतळाच्या आसपासचा लाल भाग आपल्या विमानालाही लाल असतो.

मैदानावर माणसं जमतातच. पहिला प्रश्न, “केवढ्याला पडलं?” दुसरा, “किती लांब जातं?” तिसरा, “कॅमेरा आहे का?” आणि एखादे काका लग्नाच्या शूटिंगचा दर विचारून जातात. क्रिकेट थांबवून आलेली पोरं मात्र प्रामाणिक असतात. ती सरळ म्हणतात, “काका, पाडा ना!” सगळ्यांना आपल्या पाठीमागे उभं करावं.

आता ते अकरा सेकंद. विमान मित्राच्या हातात द्यावं, कारण आपले दोन्ही अंगठे स्टिकवर हवेत. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल पाऊण, आणि सपाट फेक, भाल्यासारखी. मित्र ते कागदी बाणासारखं आभाळाकडे फेकतो. विमानाला वेग येण्याआधीच त्याचं नाक वर. नवशिक्याला ते खाली येताना दिसतं आणि तो घाबरून स्टिक आणखी ओढतो. पंखावरून हवा नीट वाहायची बंद होते, एक पंख गळतो आणि विमान त्या कुशीवर जमिनीत जातं. याला स्टॉल म्हणतात. उपाय मनाच्या अगदी विरुद्ध: स्टिक पुढे, थ्रॉटल वर, वेग आला की हळूच सरळ. यासाठी खाली जागा लागते. म्हणून आधी नारळाच्या तीन झाडांइतकी उंची गाठावी आणि सगळे प्रयोग तिथं करावेत.

वळण्यातही अंगठा आड येतो. मोटारीचं स्टिअरिंग वळण संपेपर्यंत धरून ठेवायची सवय इथं घात करते. एलेरॉन किंचित देऊन विमान वीसेक अंश कलवायचं आणि स्टिक मध्यावर आणायची. मग एलेव्हेटर जरा ओढायचा, कारण कललेल्या पंखाचं सगळं बळ वर लागत नाही, काही कडेला जातं आणि विमान बसू लागतं. वळण पुरलं की उलट एलेरॉन देऊन सरळ. स्टिक धरूनच ठेवली तर कल वाढत जातो, नाक खाली जातं, आणि मळसूत्रासारखे फेरे घेत विमान भूमातेकडे निघतं.

विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं. इथं भलेभले बुद्धिमान लोक विमानं गमावतात. त्या क्षणी बुद्धीला त्रास देऊ नये. जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्यायची, पडक्या भिंतीला टेकू द्यावा तशी. महिनाभर संध्याकाळी संगणकावर सिम्युलेटर खेळलं की हे अंगठ्याच्या अंगवळणी पडतं, आणि तिथं फोम फुकट असतो.

पडणार हे दिसलं की पहिलं काम थ्रॉटल शून्य. पंखा मातीत अडकलेला आणि थ्रॉटल वर, असं झालं की मोटर आणि ईएससी जळतात. फोम अर्ध्या तासात जोडता येतो, ईएससी नाही. ज्वारीत किंवा उसात पडलं तर जागेच्या सरळ मागचं एखादं झाड हेरून, नजर न हलवता त्या रेषेत चालत जावं. ते बहुधा अंदाजापेक्षा पुढेच सापडतं. मध्येच थांबून स्टिक हलवावी, सर्वोची किरकिर ऐकू येते. बाभळीवर अडकलं तर आंबे काढायचा झेला. बॅटरी फुगलेली किंवा चेमटलेली दिसली तर ती काढून अर्धा तास उघड्यावर लांब ठेवायची, खिशात नाही. चार्जिंग नेहमी फरशीवर, २.२ अँपिअरवर, समोर बसून. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवावी, भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते.

उतरणंही वाऱ्याकडे तोंड करूनच. सहा मिनिटांचा गजर लावलेला असतो, तो वाजला की बॅटरीत अजून एखादी चुकलेली फेरी मारण्याइतकी धुगधुगी असते. लांबूनच थ्रॉटल कमी करत आणायचा, पंख सपाट, अंगठा शांत. गुडघ्याइतकी उंची उरली की थ्रॉटल बंद आणि एलेव्हेटर कणभर मागे. विमान गवताला पोट घासत दहा पावलं जातं आणि थांबतं. पंख शाबूत, पंखा शाबूत, नाक वाऱ्याकडे.

आणि पाठीमागून पोरं आनंदानं ओरडतात, “पडलं! पडलं!”