रेडकू कुठल्या धोरणात बसतं?

भारत सरकारचं बीफबद्दलचं धोरण काय, असं कुणालाही विचारा, 'बंदी' हे एका शब्दात उत्तर येतं. बंदीच्या बाजूचे तेच सांगतात, विरोधातलेही तेच सांगतात. आपल्याकडे गेली दहा वर्षं भांडण त्या एका शब्दाभोवतीच फिरतंय. पण वाणिज्य मंत्रालयाचे निर्यातीचे आकडे काढून बघा. 2024-25 मध्ये या देशानं साधारण 4 अब्ज डॉलरचं म्हशीचं मांस परदेशात विकलं. 'अपेडा' या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या यादीत तांदूळ सोडला तर एवढं परकीय चलन आणणारा दुसरा माल नाही. अमेरिकेचं कृषी खातं बीफच्या हिशोबात गाय आणि म्हैस वेगळी धरत नाही, त्यामुळे त्यांच्या तक्त्यात आपण ब्राझील, ऑस्ट्रेलियाच्या पंगतीला बसतो. 2014 च्या सुमारास तर पहिल्याच पाटावर होतो. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात 'गुलाबी क्रांती'च्या नावानं मांस निर्यातीला शिव्या घातल्या जात होत्या आणि त्याच 2014-15 सालात निर्यात 4.78 अब्ज डॉलरवर पोचली होती. तो उच्चांक होता. मधे ती बरीच घसरली, आता पुन्हा वर निघाली आहे.

तेव्हा धोरण नाही असं नाही. धोरण आहे, आणि चांगलं घट्ट विणलेलं आहे. गाय, बैल, वासरू यांचं मांस निर्यात करायला पूर्ण मनाई. म्हशीचं चालतं, पण हाडाशिवायचं. तेही अपेडाकडे नोंदणी असलेल्या कारखान्यातूनच, आणि जनावर दुधाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचं नव्हतं असा सरकारी पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो. हलालचं प्रमाणपत्र कुणी द्यायचं यावरून इतका गदारोळ होतो, पण निर्यातीच्या मांसासाठी केंद्रानं 'आय-कॅस' नावाची स्वतःची हलाल प्रमाणन व्यवस्था उभी केली आहे. 2020 च्या जून महिन्यात, आत्मनिर्भर भारतच्या पॅकेजात, पशुसंवर्धनाच्या पायाभूत सुविधांसाठी 15,000 कोटींचा निधी मंजूर झाला. त्यातून घेतलेल्या कर्जावर व्याजात 3 टक्के सूट. दूध प्रक्रिया आणि पशुखाद्य यांच्या जोडीला मांस प्रक्रियाही त्या यादीत आहे.

यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. उलट हे सगळं डोकं लावून केलेलं काम आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे धोरण कारखान्याच्या गेटपाशी सुरू होतं. गेटच्या अलीकडे, म्हणजे गोठा, बाजार आणि रस्ता, इथे सरकारला काही माहीतच नसल्यासारखं वागायचं असतं.

गोठ्यापासून धरू. म्हैस व्याली की घरातला पहिला प्रश्न, वगार (मादी) का रेडकू (नर)? वगार असली तर तिला दूध मिळतं, जंताचं औषध मिळतं, थंडीत पोतं पांघरायला मिळतं. रेडकू असलं तर त्याचं काम एकच, म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून तोंडी लावायचं. दोन-चार ढुसण्या मारतं, कासेला दूध उतरतं, आणि तोंडाला फेस लागतो न लागतो तोच दावं ओढून त्याला खुंट्याला बांधतात. धार काढून झाली की सडात राहील तेवढं त्याचं. म्हशीच्या दुधाला डेअरीवर फॅटप्रमाणे भाव असतो आणि शेवटच्या धारेत फॅट जास्त, त्यामुळे ते राहिलेलंही आपण सोडत नाही. मग हगवण लागते, पोट डेऱ्यासारखं फुगतं, बरगड्या मोजता येतात, आणि एखाद्या सकाळी ते उठत नाही. त्याची कुठे नोंद होत नाही. मग पान्ह्यासाठी इंजेक्शन येतं, त्यावर बंधनं असली तरी येतं.

हे क्रूर आहे का? आहे. पण ज्याच्याकडे दोन म्हशी आणि सोसायटीचं कर्ज आहे, त्याच्यापुढे हिशोब सरळ असतो. सुरुवातीचे काही महिने रोज दोन लिटर दूध रेडक्याला पाजून, पुढे चारा घालून दीड वर्षात त्याला मोठं केलं, तर त्याचं करायचं काय? नांगराला ट्रॅक्टर आहे. रेतन कृत्रिम आहे. विकायचं तर घेणारा कुणी येईल याची खात्री नाही.

2019 च्या पशुगणनेत देशात म्हशी 10.98 कोटी निघाल्या. त्यात माद्या 10 कोटींच्या वर आणि नर जेमतेम 93 लाख. जन्माला मात्र निम्मे निम्मे येतात. मधले कुठे गेले? काही कापायला गेले, त्याचे डॉलर आले. बाकीचे गोठ्यातच मेले, त्याचं कुणालाच काही आलं नाही, शेतकऱ्याला नाही, देशाला नाही, चामडंवाल्यालाही धड नाही.

आणि हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राची एक योजना होती, नर रेडकं वाचवून ती वाढवण्याची, नाबार्डमार्फत अनुदान देणारी. आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? आता वारं उलट्या दिशेचं आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून लिंग निर्धारित रेतमात्रांवर भर आहे, म्हणजे सुमारे 90 टक्के मादीच जन्मावी. दूधवाल्याच्या दृष्टीनं ते बरंच आहे आणि मीही त्याच्या बाजूचा आहे. पण सगळ्या म्हशींना त्या मात्रा मिळेपर्यंत किती वर्षं जातील देव जाणे. तोवर जे रेडकू जन्माला येतंय त्याला दीड-दोन वर्षं वाढवून विकण्यात पैसा असेल, तर आत्ता त्याला मरू देणारा हाच शेतकरी उद्या त्याला पेंड घालेल. ब्राझीलचा शेतकरी काही आपल्यापेक्षा मनानं मोठा नाही. त्याला जनावर वाढवण्यात पुढे गिऱ्हाईक दिसतं.

आता भाकड म्हैस. ही गोष्ट शहरातल्या मित्रांना कधीच नीट सांगितली जात नाही, म्हणून उदाहरण घेऊन सांगतो, आकडे समजुतीपुरते. लाखाची म्हैस घेतली. चार-पाच वेतं दूध दिलं, मग गाभण राहीना. ती 40 हजाराला गेली तर माझी घट 60 हजार. त्यात भर घालून मी नवी आणतो, गोठा चालू राहतो. गिऱ्हाईकच नाही म्हणून ती 20 हजाराला द्यावी लागली तर घट 80 हजार. हे वरचे 20 हजार कुठून निघणार? दुधातून. म्हणजे तुमच्या चहात ओतलेल्या दुधाचा खर्च, ती म्हैस शेवटी कितीला जाते यावरही ठरतो. दुधाच्या दरावर आंदोलनं होतात, रस्त्यावर दूध ओतलं जातं, पण भाकड जनावराच्या भावावर एक घोषणा मी अजून ऐकलेली नाही.

(एचएफ, जर्सी या संकरित गायींच्या गोऱ्ह्यांचा विषय यात मुद्दाम घेत नाही. तो कायद्यानंच बांधलाय आणि याहून अवघड आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन. इथे मी फक्त म्हशीबद्दल बोलतोय, जिच्या मांसावर बंदी नाही.)

बंदी नाही, हे कागदावर. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गोहत्या बंद झाली, 2015 च्या मार्चमध्ये दुरुस्ती लागू होऊन बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आजही दाखला घेऊन कापता येते. पण रस्त्यात रात्री टेम्पो अडवणाऱ्याला कलम वाचायची सवय नसते. टेम्पोत चार रेडे आहेत का चार बैल, हे बघायच्या आधीच ड्रायव्हर खाली ओढलेला असतो. नंतर कोर्टात जनावरं सुटतात, पण तोवर त्यांच्या चाऱ्याचं बिल त्यांच्या किमतीच्या वर गेलेलं असतं. असा एक फेरा झाला की तो व्यापारी पुढच्या वेळी शंभर किलोमीटर लांबच्या बाजारात येतच नाही. आला तर जोखमीचे पैसे आधी कापून भाव सांगतो. ते पैसे कुणाच्या खिशातून गेले?

केंद्रानंही यात हात धुऊन घेतले आहेत. 23 मे 2017 ला पर्यावरण मंत्रालयानं पशुबाजाराचे नियम काढले, बाजारात कत्तलीसाठी जनावर विकायला मनाई. त्यात गाय-बैलांबरोबर म्हैसही घातली होती! एका मंत्रालयाला 4 अब्ज डॉलर हवेत आणि दुसरं मंत्रालय त्याचा कच्चा माल बाजारात विकू नका म्हणतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं आधी स्थगिती दिली, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती देशभर लागू केली. नियम थांबले. पण 'यात काहीतरी लफडं आहे' हा निरोप बाजारात पोचला तो पोचलाच.

2025 च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजानं राज्यभर खरेदी बंद ठेवली, तेव्हा याचं खरं रूप दिसलं. मारहाण आणि गाड्या अडवण्याला कंटाळून त्यांनी सरळ सांगितलं, आम्ही जनावर घेतच नाही. ज्याला जनावरांचा बाजार माहीत आहे त्यानं तो डोळ्यापुढे आणावा. एरवी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, येतो, म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो, शेपटीच्या मुळाशी चरबी चाचपतो, दात बघतो, मग रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव होतो. त्या दिवसांत विकणारे सगळे आणि रुमाल टाकणारा कुणी नाही. दिवसभर उभं राहून, गाडीभाडं अंगावर घेऊन, लोक तीच म्हैस परत घरी नेत होते. तेव्हा सत्ताधारी आघाडीतल्या आमदारालासुद्धा गोरक्षकांच्या विरोधात बोलावं लागलं, कारण ओरड कुरेशांपेक्षा शेतकऱ्यांची मोठी होती.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गोशाळा. राज्य सरकारनं 2024 मध्ये देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान दिलं. द्यावं. पोळ्याला बैलाच्या पाया आमच्या घरीही पडतात, श्रद्धेशी माझं वैर नाही. पण 50 रुपयांत आज मोठ्या जनावराची वैरणसुद्धा भागत नाही, आणि म्हैस तर त्या योजनेत नाहीच.

बंदीवाले मित्र म्हणतात निर्यातच थांबवा, म्हणजे जनावरं वाचतील. हा प्रयोग जगानं करून बघितलाय. अर्जेंटिनानं 2006 मध्ये देशात मांस स्वस्त राहावं म्हणून बीफची निर्यात रोखली, पुढेही बंधनं ठेवली. शेतकऱ्यानं काय करावं? त्यानं गाई विकून टाकल्या आणि रान नांगरून सोयाबीन पेरलं. थोड्याच वर्षांत देशातली गुरं सुमारे एक कोटीनं घटली, कत्तलखाने बंद पडले, आणि मांस महागलं ते महागलंच. आपल्याकडचा आकडाही बघा. महाराष्ट्रात 2012 ला गाय-बैल साधारण 1 कोटी 55 लाख होते, 2019 ला 1 कोटी 40 लाखांवर आले. ट्रॅक्टरचा त्यात मोठा हात आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच काळात म्हशी 56 लाखांवर जवळपास जागच्या जागी राहिल्या. जिला शेवटी गिऱ्हाईक आहे ती दावणीला टिकली.

मग करायचं काय? मला वाटतं निम्मं काम झालेलं आहे, ते फक्त कुणी जोडत नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी केंद्रानं सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेतून 13,343 कोटींचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक जनावराच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला आला. हा रोग आटोक्यात नाही म्हणून चीन आपलं मांस थेट घेत नाही, वर्षानुवर्षं ते व्हिएतनाममार्गे तिकडे जात राहिलं, आणि आपल्याला व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक अशा बाजारांत स्वस्तात विकावं लागतं. ब्राझीलला मे 2025 मध्ये लसीशिवाय लाळ्या-खुरकुतमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली, त्यामागे कित्येक दशकांची चिकाटी आहे. उरुग्वेसारख्या छोट्या देशानं 2006 लाच प्रत्येक गुराची नोंद कायद्यानं सक्तीची केली.

आपल्याकडे बिल्ला आहे, पण तो लस टोचताना स्कॅन करायचा आणि विसरायचा. त्याच नंबरवर मालकाचं नाव, जनावराची जात, वय, लस सगळं आहे. बाजार समितीतून जनावर निघालं की त्याच नंबरवर वाहतुकीचा परवाना मोबाइलवर द्या. तपासायचा तर पोलिसानं तपासावा, तोही क्यूआर कोड बघून. बाकी कुणी गाडीला हात लावला तर तो दरोडा समजून गुन्हा दाखल करा. एवढं झालं तरी जोखमीच्या नावाखाली कापले जाणारे पैसे शेतकऱ्याकडे परत येतील.

आणि दुसरं, फारच साधं. प्रत्येक मोठ्या जनावर बाजारात वजनकाटा बसवा. परदेशात माल टनावर जातो, डॉलर किलोवर येतात आणि माझी म्हैस मात्र नजरेच्या अंदाजावर विकली जाते. अंदाज नेहमी ज्याला रोजची सवय आहे त्याच्याच बाजूनं चुकतो. काट्याला काही हजार कोटी लागत नाहीत. ऊस काट्यावर घालतो, कापूस काट्यावर घालतो, सोयाबीनचा ओलावासुद्धा मशीन लावून बघतात.

अडचण अशी की पशुधन हा राज्याचा विषय, निर्यात केंद्राचा, लस पशुसंवर्धन खात्याची, बाजार पणन खात्याचा आणि रस्ता गृहखात्याचा. 'मांसासाठी म्हैसपालन' हे शब्द एकाही खात्याच्या मंत्र्याला तोंडातून काढायचे नाहीत. डॉलर चालतात, उच्चार चालत नाही. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं एवढंच लेखी विचारावं: राज्यात दरवर्षी किती रेडकं जन्मतात, वर्षाची होईपर्यंत किती जगतात आणि किती जनावर बाजारांत चालू स्थितीतला वजनकाटा आहे. उत्तर आलं तर इथे टाकतो. खाली धर्मावरून भांडायला येणाऱ्यांनी आधी आपल्या दावणीला किती जनावरं आहेत तेवढं लिहावं, मग पुढचं बोलू.